एकाच डिस्ट्रिक्टमधल्या दोन हायस्कूलांची तुलना कशी करायची?

घरशोध: अमेरिकेत एकाच स्कूल डिस्ट्रिक्टमधली (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) दोन पब्लिक हायस्कूलं. रेटिंग साइटवर एकीला १० पैकी ८, दुसरीला ५, पण ग्रॅज्युएशन रेट जवळजवळ सारखाच. घर कुणाच्या हद्दीत घ्यायचं ते यावर ठरणार. नक्की कुठले आकडे बघू?

आकडेमोड: ८ आणि ५ विसरा. राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर प्रत्येक शाळेचं रिपोर्ट कार्ड असतं, कायद्यानं सक्तीचंच आहे ते. त्यात सरासरी सोडून गटवार तक्ता उघडा. इथल्या कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची तुलना तिथल्या तशाच मुलांशी करा, बाकी गटांचंही तसंच. बरेचदा फरक शाळेचा नसून वस्तीचा निघतो. मात्र १०० मुलांच्या गटात चारजण इकडचे तिकडे झाले की ४ टक्के हलतात, म्हणून तीन वर्षांचे आकडे घ्या.

गणितात एक गोम आहे. काही राज्यांत अल्जेब्रा १ची परीक्षा हुशार मुलं आठवीतच देऊन टाकतात. मग हायस्कूलच्या अल्जेब्रा १च्या निकालात ती दिसतच नाहीत आणि चांगली शाळाही पडेल वाटते.

चष्मेबहाद्दर: एपीचा (हायस्कूलमध्येच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे विषय आणि त्यांच्या परीक्षा) नुसता पास रेट फसवा. समजा एकीकडे ४० मुलं बसली आणि ८० टक्क्यांना किमान एका पेपरात ५ पैकी ३ किंवा जास्त मिळाले, म्हणजे ३२ मुलं. दुसरीकडे २०० बसली, ६० टक्के, म्हणजे १२०. पहिली शाळा बहुधा निवडक मुलांनाच बसू देते. या संख्येला बारावीच्या पटानं भागा, मग बोला. कॅल्क्युलस बीसीचा (एपीतला वरच्या पातळीचा गणिताचा विषय) वर्ग दरवर्षी खरंच भरतो की नुसता कॅटलॉगमध्ये आहे, हे काउन्सेलरला विचारा.

घरशोध: आणि ग्रॅज्युएशन रेट?

आकडेमोड: नववीची तुकडी, त्यात बदलून आलेली मिळवायची, दुसऱ्या शाळेत गेलेली वजा करायची, त्यातल्या किती जणांना चार वर्षांत डिप्लोमा मिळाला ते. नापास विषय ऑनलाइन क्रेडिट रिकव्हरीनं झटपट उरकता येतात, त्यामुळे तो फुगू शकतो. त्यापेक्षा क्रॉनिक ॲब्सेंटीइझम बघा: १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर, म्हणजे १८० दिवसांच्या वर्षात १८. हा आकडा सहजासहजी सजवता येत नाही.

चष्मेबहाद्दर: शाळेच्या आत मॅग्नेट प्रोग्रॅम (खास विषयाचा, हद्दीबाहेरचीही मुलं घेणारा अभ्यासक्रम) आहे का तेही बघा. असला तर सरासरी त्या मुलांनी वर ओढलेली असू शकते, आणि हद्दीत घर घेतलं म्हणून त्यात आपोआप प्रवेश मिळेलच असं नाही. हद्दीचं रिअल्टरच्या जाहिरातीवरून ठरवू नका. डिस्ट्रिक्टच्या साइटवर घराचा पत्ता टाकून बघा, आणि हद्दी बदलायचा प्रस्ताव चालू आहे का ते स्कूल बोर्डाच्या बैठकांच्या इतिवृत्तात शोधा.