करवंदाचं आईस्क्रीम आणि बाकीचा रानमेवा : तुमचे अनुभव लिहा

मे संपत आला की माझ्या डोक्यात एकच विषय असतो, करवंदं. माझं माहेर मुळशीकडचं, ताम्हिणी घाटाच्या अलीकडे, घरामागे टेकडी आणि टेकडीवर करवंदीच्या जाळ्याच जाळ्या. लहानपणी सकाळी सहाला बाबा आम्हा भावंडांना घेऊन निघायचे, प्रत्येकाच्या हातात एक कडीचा डबा, आणि नऊच्या आत परत, कारण नंतर कातळ तापतो. प्रत्येक करवंद अर्धं चावून बघायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, आणि बाबा न चावता नुसत्या रंगावरून आधीच सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर यायचं.

आता बाबा ७८ वर्षांचे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, टेकडी चढणं बंद. गेल्या वर्षी मी एकटीच जाऊन दोनेक किलो काढून आणली. बाबांचे दात सगळे नाहीत त्यामुळे बिया चावत नाहीत, मग म्हटलं आईस्क्रीम करून देऊ, त्यांना आवडतंही खूप. एक लिटर दूध आटवून अर्धं केलं, करवंदं साखर घालून शिजवली, पुरणयंत्रातून गर काढला (यात बिया मस्त वेगळ्या होतात, हे मात्र करून बघाच) आणि गर दुधात ओतला. दूध गरम होतं. डोळ्यांदेखत फाटलं, अर्ध्या मिनिटात जांभळं पनीर. दुसऱ्यांदा दूध थंड करून केलं तर फाटलं नाही, पण फ्रीजरमधून काढलं तेव्हा वीट झालेली आणि खाताना बर्फाचे कण कचाकच दाताखाली. बाबांनी खाल्लं, छान आहे म्हणाले, पण मला कळतं ना.

यंदा नीट करायचंय. ज्यांनी ज्यांनी रानातून फळ आणून त्याचं आईस्क्रीम केलंय त्यांनी इथे सविस्तर लिहा प्लीज. करवंदच पाहिजे असं नाही, जांभूळ, तोरणं, अळू (भाजीचं नव्हे, रानातलं फळ), काहीही चालेल. कुठून आणता, कसं साफ करता, काय बिघडलं, सगळं लिहा.

———

चिपळूणहून लिहितोय. आमच्याकडे सड्यावर करवंदं भरपूर, आणि मे महिन्यात मुंबईची सगळी मंडळी गावाला आली की पॉट निघायचा माळ्यावरून. लाकडी बादली, मधे पत्र्याचं भांडं, भोवती बर्फ आणि खडे मीठ, आणि हँडल फिरवायला पोरांची रांग. शेवटी शेवटी हँडल इतकं जड व्हायचं की मोठे काकाच फिरवायचे आणि एक जण गोणपाट टाकून वर बसायचा. तुमचं आईस्क्रीम वीट झालं ना ते याचमुळे, फिरवलं नाही म्हणून. पॉट नसेल तर फ्रीजरमधे अर्धवट गोठलं की बाहेर काढून मिक्सरमधून फिरवा, परत ठेवा, तीन-चार तासांनी परत फिरवा. दोनदा तरी.

दुसरं, ताई, करवंद शिजवू नका. आमची आजी कधीच शिजवायची नाही. शिजवलं की रानातला वास जातो आणि जॅमची चव येते. पूर्ण काळी झालेलीच घ्या, हाताला मऊ लागणारी, लालसर अजिबात नकोत. चीक देठाशी असतो, म्हणून देठ काढून मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, वरती पांढरट थर येतो तो ओतून द्यायचा, दोनदा स्वच्छ पाण्यानी धुवायची. मग मोठ्या भोकाच्या चाळणीवर हातानीच चोळायची, गर खाली, बिया आणि सालं वर. हाताला आधी खोबरेल तेल लावा नाहीतर चीक दोन दिवस जात नाही. वेळ लागतो, एक किलोला तास-दीड तास मोडतो, पण त्या गराचा वास घेतलात की परत शिजवणार नाही.

———

मी ठाण्यात राहते, मला रानात जायला जमत नाही, त्यामुळे माझी करवंदं विकत घेतलेली. कसाऱ्याकडून येणाऱ्या बायका स्टेशनबाहेर टोपल्या घेऊन बसतात, पानाच्या द्रोणात वाटा लावलेला असतो. त्यातल्या एका मावशींकडून मी आता सहा-सात वर्षं घेतेय. एकदा सहज विचारलं किती वाजता निघता, तर म्हणाल्या तोडायला आदल्या दिवशी पहाटे, मग निवडायची, आणि रात्री अडीचला उठून पहिल्या गाडीला यायचं. हातावर ओरखडेच ओरखडे, करवंदीचा काटा साधा नसतो, दोन टोकं असतात त्याला. त्या दिवसापासून मी घासाघीस बंद केली. पिकलेलं करवंद दोन दिवसात आंबायला लागतं, संध्याकाळपर्यंत गेली नाहीत तर मेहनत सगळी फुकट. त्यामुळे संध्याकाळी उरलेली मी सगळीच घेते आणि ताटात पसरून आख्खीच फ्रीज करते, कडक झाली की पिशवीत भरायची. अशी दिवाळीपर्यंत टिकतात. आणि फ्रीज करून बाहेर काढली की आपोआप मऊ पडतात, चाळणीवर चोळायला निम्मी मेहनत लागते. चिपळूणच्या दादांना हे सांगायचं होतं.

———

गोव्यातून. आमच्याकडे करवंदांना कांटां म्हणतात आणि तुमच्या तोरणांना चुन्नां. चुन्नांचं आईस्क्रीम करून बघितलंय, करू नका. पांढरा गर दिसायला सुंदर, पण फळात बीच मोठी, वाटीभर गर काढायला टोपलीभर फळं लागतात आणि दुधात घातलं की चवच कळत नाही. ती झाडाखाली उभं राहून खायची वस्तू आहे.

जांभळाचं मात्र जरूर करा. झाडावरून काढायची नाहीत, खाली जुनी साडी किंवा ताडपत्री धरून फांदी हलवायची, मातीत पडलेलं जांभूळ लगेच फुटतं. मृगाचा पाऊस पडायच्या आत करा, पावसानंतर अळ्या निघतात आणि गर पाणचट होतो. तुरटपणा हा जांभळाचा मुख्य प्रॉब्लेम, आटवलेल्या दुधात तो कमी लागतो, पण मला त्याहीपेक्षा नारळाच्या दुधात आवडतं. दोन वाट्या घट्ट नारळाचं दूध, दोन वाट्या गर, पाऊण वाटी साखर, चिमूट मीठ. बस्स. रंग असा येतो की पाहुणे विचारतात कुठला कलर घातला.

———

चंद्रपूर. आमच्याकडे करवंद कमी, पण टेंभरं आहेत. तेंदूचं फळ हो, ज्याची पानं विडीला जातात तेच झाड. एप्रिल-मे मधे पिकते, वरून पिवळं, आत चिकूसारखा गर, आणि गोड इतकं की साखर अर्धीच टाकावी लागते. पण कच्चं खाल्लं तर जीभ अशी लाकडासारखी होते की पाणी पिऊन जात नाही, तेव्हा बोटानं दाबून बघायचं, दबलं तरच घ्यायचं. मला विचाराल तर आईस्क्रीमसाठी याच्यासारखं रानफळ नाही. आंबट नाही म्हणून दूध फाटायचा प्रश्नच नाही, गर घट्ट म्हणून बर्फही कमी होते.

एक कळकळीनं सांगतो. आमच्या जंगलात एकट्यानं जाऊ नका आणि अगदी पहाटे तर नाहीच नाही. मोहफुलं, तेंदूपत्ता आणि टेंभरं, सगळं उन्हाळ्यातच येते, आणि अस्वलालाही हेच पाहिजे असते. वाघाचं तर तुम्ही पेपरात वाचताच. आमच्या शेजारच्या गावातली बाई मोहफुलं वेचताना अशीच गेली, वाकून वेचत होती, मागून आला. मी लहानपणापासून टेंभरं खातो पण त्या वर्षी हात नाही लावला. आता जातो ते चार-पाच जण मिळून, बोलत बोलत, उन्हं वर आल्यावर, आणि गावातल्या माहीतगार माणसाला सोबत घेऊनच.

———

कॅलिफोर्नियातून लिहितोय, करवंदांसाठी जीव तळमळतो असा एक जण. २०१९ मधे इथे लॉस एंजेलिसजवळ राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात बिल्डिंगच्या कुंपणापाशी थबकलो. जाड हिरवी पानं, दोन टोकांचा काटा, पांढरी सुवासिक फुलं, फळ तोडलं तर पांढरा चीक. पण फळ लालभडक आणि आपल्या करवंदाच्या दुप्पट-तिप्पट. शोधलं तर कळलं की हा नेटाल प्लम, मूळचा दक्षिण आफ्रिकेतला, आपल्या करवंदीचा सख्खा चुलतभाऊ, दोघंही कॅरिसा या एकाच वंशातले. इथे लोक शोभेचं कुंपण म्हणून लावतात आणि फळं खाली पडून सडतात.

लगेच खाल्लं नाही. आधी ओळख पक्की केली, मग ऑफिसात जाऊन विचारलं की फवारणी करता का, त्यांनी सांगितलं त्या कुंपणावर नाही, तेव्हा हात लावला. फळ पूर्ण लाल, जवळजवळ काळपट आणि मऊ झालेलंच घ्यायचं, नुसता हात लावल्यावर गळून येतं ते. चव करवंदाची नाही, थोडी क्रॅनबेरीकडे जाते, पण शेवटी जिभेवर जो चिकटपणा राहतो ना तो तोच. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली अरे ही तर करवंदीच, एवढी सुजली कशानं. चार वर्षं झाली, दरवर्षी त्याचं आईस्क्रीम करतो, हेवी क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्क फेटून त्यात गर, फिरवायचीसुद्धा गरज नाही. मुलगी इथेच जन्मलेली, ती त्याला करवंद आईस्क्रीमच म्हणते.

———

डेअरीत नोकरी झाली माझी, बरीच वर्षं, त्यामुळे वरच्या प्रश्नांची कारणं लिहितो. दुधातलं केसीन हे प्रथिन पीएच (आंबटपणाचं माप) ४.६ च्या आसपास आलं की गोळा होतं, आणि दूध गरम असेल तर त्याच्या आधीच. करवंद चांगलंच आंबट आहे. म्हणून दूध आणि गर दोन्ही फ्रीजमधे गार करून मगच एकत्र करायचे, साखर गरात आधी मुरवायची, आणि मिसळलं की ताबडतोब गोठवायला घ्यायचं, तसंच तासभर ओट्यावर ठेवायचं नाही. साईचं प्रमाण वाढवलं की अजून बरं, क्रीममधे केसीन कमी असतं.

बर्फाचे कण होतात कारण पाणी जास्त आणि साखर कमी. साखर नुसती गोडीला नसते, तिच्यामुळे पाणी पूर्ण गोठत नाही आणि आईस्क्रीम चमच्यानं निघतं. तब्येतीसाठी साखर निम्मी केली की वीट होणारच. घरी आईस्क्रीम मऊ आणि एकजीव राहावं म्हणून जीएमएस आणि सीएमसी पावडर घालतात ती वाईट नाही, अर्धा लिटर दुधाला जीएमएस दोन चमचे आणि सीएमसी पाव चमचा, दुधात शिजवून घ्यायची. पण करवंदात पेक्टिन (फळातला घट्टपणा आणणारा घटक) मुळातच भरपूर आहे, गर घट्ट असेल तर सीएमसी सोडून दिली तरी चालते.

आणि कोणीही आंबटपणा मारायला खायचा सोडा घालू नका. आमच्या घरी एकदा प्रयोग झाला. करवंदाचा रंग आम्लात गुलाबी-जांभळा राहतो, सोडा पडला की निळा-राखाडी, शाईच्या पाण्यासारखा. चवही साबणाची.

———

मी कर्जतची. पाककृती नाही माझ्याकडे, एक गोष्ट लिहायचीय. करवंदीची जाळी म्हणजे नुसतं फळ नाही. तिच्या काट्यांत गुरं तोंड घालत नाहीत म्हणून आत पडलेलं बी वाढतं, आमच्याकडे कितीतरी मोठी झाडं जाळीतून वर आलेली दिसतात. ससे, तित्तर तिच्यातच लपतात. आणि आता जमीन विकली की पहिला जेसीबी जाळ्यांवरच फिरतो, कारण मालकाला मोकळा प्लॉट दिसायला पाहिजे. उरलेलं वणव्यात जातं. आमच्या वाडीच्या वरची सगळी धार पाच वर्षात बोडकी झाली. तेव्हा तोडायला जाल तेव्हा फांद्या मोडू नका, आणि जाळी पूर्ण ओरबाडू नका, पाखरांना राहू दे.

———

धागा काढणारी परत आले, दीड महिन्यानी. सगळ्यांचे इतके आभार की काय लिहू. कर्जतच्या ताई, तुमचं वाचून पोटात कालवलं, कारण आमच्याही टेकडीवर खालच्या बाजूला प्लॉटिंग सुरू झालंय, कड्याखालच्या जाळ्या गेल्या. वरची, देवळामागची मोठी जाळी शाबूत आहे. तिथूनच दीड किलो आणली.

यावेळी शिजवली नाहीत. मिठाचं पाणी, देठ काढणं, मग ठाण्याच्या ताईंनी सांगितलं तशी एक रात्र फ्रीजर, सकाळी चाळणीवर. सातशे ग्रॅमच्या आसपास गर निघाला. त्यातल्या अर्ध्यात दीडशे ग्रॅम साखर मुरवून फ्रीजमधे, आटवलेलं दूध आणि साय वेगळी गार केली, एकत्र करून लगेच फ्रीजर, मिक्सरमधून दोनदा फिरवलं. अर्धा किलोभर करवंदं मी फ्रीज न करता बाजूला ठेवली होती, ती दुसऱ्या दिवशी ताजीच चोळून वरून घातली, त्यामुळे मधे मधे गडद रेषा आल्या.

बाबांनी पहिला चमचा तोंडात ठेवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, देवळामागची. प्रत्येक जाळीची चव वेगळी असते, हे मी त्यांच्याकडूनच शिकलेय, पण दुधासाखरेतूनही ओळखता येईल असं मला वाटलं नव्हतं. लगेच विचारलं, बिया कुठंयत? मी कचऱ्यात टाकलेल्या. काढायला लावल्या. फ्रीजरमधल्या वेगळ्या, ताज्या वेगळ्या, दोन्ही राखेत घोळवून सावलीत वाळवल्या आणि दोन दिवसांनी काळ्या पिशव्यांत लावल्या, एका ओळीत फ्रीजरच्या, एका ओळीत ताज्या. रोज सकाळी काठी टेकत जाऊन बघतात. फ्रीजरवाल्या ओळीत अजून काही नाही. ताज्यांच्या ओळीत काल सकाळपर्यंत अकरा आलेत.