नोकरी सांभाळून हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचं ऑनलाइन एमबीए करावं का? (बीड)

बीडची इन्चार्ज सिस्टर

सर्वांना नमस्कार. मी बीडमध्ये ५० खाटांच्या एका खासगी दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर आहे. वय ३९. आधी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका केली, मग लग्नानंतर मध्ये नोकरी थांबवून पोस्ट बेसिक बीएससी नर्सिंग ही त्यापुढची पदवी केली.

हळूहळू माझं कामच बदलत चाललंय. ड्युटी लावणं, साठ्याची मागणी, ऑक्सिजनचा हिशोब, फुले जनआरोग्य योजनेच्या फायली, टीपीएचे (विमा कंपन्यांच्या वतीनं क्लेम बघणाऱ्यांचे) फोन, नातेवाईकांची समजूत घालणं, सगळं माझ्याच टेबलावर यायलंय. मोठे डॉक्टर म्हणतात, "सिस्टर, आपल्याला एनएबीएच (दवाखान्याच्या दर्जाची मान्यता) करायचंय, ॲडमिन तुम्हीच बघा." काम माझ्याकडे आलं, पण हुद्दा आणि पगार सिस्टरचाच आहे. आणि खरं सांगते, हे काम मला मनापासून आवडायलंय. पेशंटला सुई नीट टोचणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ती सुई वेळेवर वॉर्डात असणंही महत्त्वाचं, हे मी रोज बघते.

म्हणून हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन शिकावं असं वाटतंय. पुण्याला जाऊन दोन वर्षं राहणं शक्य नाही. मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत, मुलगा दहावीला. ऑनलाइनची चौकशी केली तर दिवसाला चार-चार फोन यायलेत. "मॅडम, आज रात्रीपर्यंत सीट बुक करा, उद्या सवलत संपते." एकानं तर परदेशी विद्यापीठाची डिग्री एका वर्षात म्हणून सांगितलं.

ही डिग्री नोकरीत धरतात का? कुठली करावी? अकाउंट्सचा आणि माझा दहावीनंतर संबंध नाही, ते झेपेल का? ज्यांनी या वयात केलंय त्यांनी कृपया मोकळेपणानं सांगावं.

लातूरकर, क्वालिटी विभाग

ताई, मी लातूरला एका मोठ्या दवाखान्यात क्वालिटी बघतो. मूळचा फार्मासिस्ट, बरीच वर्षं दवाखान्याच्या मेडिकलच्या काउंटरवर काढली, चाळिशी ओलांडल्यावर ऑनलाइन एमबीए केलं. थोडं सविस्तर लिहितो, कारण फोन करणारे लोक हे कुणालाच सांगत नाहीत.

मान्यतेचं आधी. ऑनलाइन आणि दूरशिक्षणासाठी युजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२० चे नियम आहेत आणि त्यांचा दूरशिक्षण विभाग म्हणजे डीईबी. कुठल्या विद्यापीठाला कुठल्या सत्रासाठी कुठला अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायची परवानगी आहे, ही यादी डीईबीच्या संकेतस्थळावर असते. विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून थांबू नका, अभ्यासक्रमाचं नाव आणि तुमचं सत्र दोन्ही तिथं दिसलं पाहिजे. दिसलं तर त्या डिग्रीला नेहमीच्या डिग्रीइतकाच दर्जा, हे युजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. आणि आणखी एक सांगतो: ऑगस्ट २०२५ मध्ये युजीसीनं आरोग्याशी संबंधित बरेच अभ्यासक्रम, त्यात मानसशास्त्र, पोषण, आहारशास्त्रही आले, ऑनलाइन आणि दूरशिक्षणातून बंद करायला लावले. नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी तर आधीपासूनच चालत नव्हतं. एमबीए हा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे, त्याची गोष्ट वेगळी. पण दर सत्राला यादी बघितल्याशिवाय एक रुपया भरू नका.

तुमचं पोस्ट बेसिक झालंय हे फार चांगलं केलंत. नुसतं जीएनएम म्हणजे पदविका, त्यावर एमबीएला प्रवेश मिळत नाही. आमच्या इथल्या दोन सिस्टर तिथंच अडल्या.

एका वर्षातली परदेशी डिग्री सोडून द्या. अशा ॲपवाल्या कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या परदेशी डिग्र्यांबद्दल युजीसीनं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला होता. अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांसाठी एमएचए (आरोग्य प्रशासनातली पदव्युत्तर पदवी) नावाचा चांगला ऑनलाइन अभ्यासक्रम असतो, तिथं सीएएचएमई नावाची संस्था त्याला मान्यता देते. पण त्यातला बराचसा अभ्यास मेडिकेअर या तिथल्या सरकारी विम्यावर आणि तिथल्या इतर विम्यावर असतो. बीडमध्ये तुम्हाला फुले योजनेची प्री-ऑथ (उपचाराआधीची मंजुरी) आणि क्लेमवरच्या क्वेऱ्या सोडवायच्या आहेत.

आता अभ्यास. दोन वर्षं, चार सत्रं. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, शनिवार-रविवारी थेट तास. सत्राअखेरच्या परीक्षेला किमान ७० टक्के भार, उरलेला असाइनमेंट वगैरेला. माझी परीक्षा घरूनच होती, कॅमेरा सुरू ठेवून. वीज गेली तर म्हणून शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि दोन वेगळ्या कंपन्यांची मोबाइलची कार्डं तयार ठेवायचो. पहाटेचे दोन तास हाच माझा अभ्यास. रात्री दवाखान्याचा फोन कधी येईल याचा नेम नाही, तुम्हाला ते माहीतच आहे.

अकाउंट्सला घाबरू नका. जर्नल एन्ट्री थोड्या असतात, त्या एका महिन्यात बसतात. खरा विषय कॉस्टिंगचा. आयसीयूतला एक दिवस दवाखान्याला पडतो केवढ्याला, त्यात सिस्टरचा पगार किती, ऑक्सिजन किती, रिकाम्या खाटेचा बोजा किती. हे तुम्ही वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघताय, फक्त कागदावर मांडलेलं नाही. वर्गातली नुकती पदवी घेतलेली मुलं या विषयाला अडखळायची आणि वॉर्डातून आलेल्या सिस्टर पुढं जायच्या, हे मी बघितलंय.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चौथ्या सत्रातला प्रोजेक्ट. बहुतेक जण कुठून तरी तयार घेतात. तुम्ही स्वतःच्या दवाखान्यावर करा. मी डिस्चार्जवर केला. राउंडला डॉक्टर सकाळी दहाला म्हणतात, "आज घरी जाऊ द्या." पेशंट कपडे बदलून, पिशवी बांधून बसतो. बाहेर पडतो पाचला. औसा-निलंग्याकडचा असेल तर गाडीची चिंता, म्हातारं माणूस असेल तर आणखी एक रात्र स्टँडजवळच्या पाहुण्याकडे. इकडं कॅज्युअल्टीत दुसरा पेशंट त्याच खाटेची वाट बघत स्ट्रेचरवर असतो. सगळे म्हणायचे टीपीए उशीर करतं.

मी फाइलच्या आतल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवली. राउंड किती वाजता, डिस्चार्ज समरी कधी लिहून झाली, उरलेली औषधं मेडिकलला कधी परत गेली, बिल कधी तयार झालं, टीपीएला कधी पाठवलं, मंजुरी कधी आली. ज्याच्या हातून फाइल जाईल त्यानं वेळ लिहायची, सही करायची. चित्र वेगळंच निघालं. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेस पेशंटच्या डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी लागते, पण ते तीन तास आपण कागद पाठवल्यावर सुरू होतात. आमची फाइल तर दुपारपर्यंत आमच्याच इमारतीत फिरत होती. आरएमओ (निवासी डॉक्टर) ओपीडीत अडकलेला, समरी राहिलेली. परत आलेल्या औषधांची मोजणी मेडिकलमध्ये ढीग लावून एकदमच व्हायची.

उपाय साधाच होता. उद्या घरी जाणार हे बहुतेकदा आदल्या संध्याकाळी ठरलेलं असतं. मग रात्रपाळीच्या सिस्टरनं उरलेली औषधं रात्रीच परत करायची आणि समरीचा कच्चा मसुदा रात्रीच्या आरएमओनं तयार ठेवायचा. ठरलेल्या डिस्चार्जचे पेशंट जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेर पडायला लागले. मॅनेजमेंटनं मला क्वालिटीत घेतलं ते या चिठ्ठीमुळं, मार्कशीट नंतर बघितली.

परभणी, एनएचएम

शासकीय बाजू थोडक्यात. ऑनलाइन एमबीएनं वैद्यकीय अधीक्षक होता येत नाही, तिथं डॉक्टरच लागतो. पण राष्ट्रीय आरोग्य अभियानात (एनएचएम) गुणवत्ता, कार्यक्रम व्यवस्थापन अशी कंत्राटी पदं निघतात आणि जाहिरातीत एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी), एमएचए किंवा आरोग्य विषयातलं एमबीए मागतात. जाहिरात निघाली की पात्रतेची ओळ शब्दशः वाचा. डिग्रीच्या नावात हेल्थकेअर किंवा हॉस्पिटल नसेल तर छाननीत वाद घालत बसावं लागतं. "एमबीए जनरल, हेल्थकेअर हा वैकल्पिक विषय" असं असेल तर जास्तच.

फी भरायच्या आधी एक करा. शासकीय दवाखान्यांसाठीचे एनक्यूएएस मानक आणि त्याच्या चेकलिस्ट मोफत मिळतात. आठ विभाग आहेत, रुग्णहक्कांपासून संसर्ग नियंत्रणापर्यंत. त्यातली लेबर रूमची चेकलिस्ट घेऊन स्वतःच्या लेबर रूममध्ये एक दिवस उभ्या राहा. दिवसाच्या शेवटी अजून वाचावंसं वाटलं तर हे क्षेत्र तुमचं.

इग्नूचं हेल्थकेअर अँड हॉस्पिटल मॅनेजमेंटचं एमबीए पण बघा. ते दूरशिक्षण आहे, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, पण फी खासगीपेक्षा बरीच कमी. शिस्त स्वतःची लागते, मागं लागणारं कुणी नसतं.

एक डॉक्टर, अंबाजोगाई

सिस्टर, मी स्वतः छोटा दवाखाना चालवतो, म्हणून मालकाच्या बाजूनं लिहितो.

आमच्यासारख्यांना ॲडमिनिस्ट्रेटर का लागतो ते समजून घ्या. ५० खाटांपर्यंतचा दवाखाना एनएबीएचच्या छोट्या रुग्णालयांच्या गटात येतो, तरीही धोरणं लिहिणं, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, नोंदी, ऑडिट हे सगळं करावंच लागतं. २०२१ पासून राज्यात नर्सिंग होम नोंदणीचे नवे नियम आले, त्यात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं आलं. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम: पिवळा, लाल, पांढरा, निळा, कुठल्या रंगाच्या पिशवीत किंवा डब्यात काय, आणि ४८ तासांच्या आत कचरा उचलला गेला पाहिजे. शस्त्रक्रिया करता करता एकटा डॉक्टर हे सांभाळू शकत नाही. बाहेरून आणलेला मॅनेजर फायली सुंदर करतो, पण मावशींनी लाल पिशवीत काय टाकलं ते त्याला कळत नाही. तुम्हाला कळतं. तुमच्या डॉक्टरांना तुमची गरज तुमच्यापेक्षा जास्त आहे.

म्हणून फी भरण्याआधी त्यांच्याकडून लेखी घ्या. हुद्दा, तारीख, पहिल्या वर्षानंतरचा पगार, शनिवारच्या तासांची सवलत आणि जमलं तर अर्धी फी. "बघू नंतर" यावर दोन वर्षं घालवू नका. मागायला संकोच वाटेल, आमच्याकडच्या सिस्टरांना वाटतोच. पण जो मालक कागदावर लिहायला तयार नाही, तो डिग्रीनंतरही लिहिणार नाही, आणि मग ती डिग्री घेऊन लातूर किंवा संभाजीनगरला जायची तयारी तुम्हाला आधीच करावी लागेल.

दोन वर्षं जड वाटत असतील तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा एक्झिक्युटिव्ह पदविका अभ्यासक्रम नोकरदारांसाठीच आहे. काही काळ मुंबईला हजर राहावं लागतं, बाकी आपल्या जागी राहून. तुळजापूरला त्यांचं आवार आहे, पण हा विषय मुंबईलाच. पदविका ही पदवी नव्हे हे लक्षात ठेवा; परभणीच्या दादांनी सांगितलेल्या पदांसाठी कदाचित चालणार नाही. खासगी दवाखान्यात मात्र त्या नावाला वजन आहे.

बीडची इन्चार्ज सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. लातूरच्या दादांची डिस्चार्जची गोष्ट वाचून अंगावर काटा आला, अगदी आमच्याच वॉर्डातली. आमच्याकडं पाटोदा, शिरूर कासारचे पेशंट असेच बसून असतात. डॉक्टरसाहेब, तुमचं ऐकून काल आमच्या सरांशी बोलले. हुद्द्याचं पत्र देतो म्हणाले, फीचं "विचार करतो" म्हणाले. पत्र हातात आल्यावरच भरणार.

दोन शंका. फी कर्ज काढून भरली तर? आणि फॉर्म भरताना डीईबी आयडी मागायलेत, तो आधारवरून निघतो. माझी दहावी, जीएनएम माहेरच्या नावावर, पोस्ट बेसिक आणि आधार सासरच्या नावावर. नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही जुन्याच नावावर आहे. अडचण येईल का?

लातूरकर, क्वालिटी विभाग

ताई, कर्जाचं सोपं आहे. शैक्षणिक कर्ज बँकेचंच घ्या, फोनवाले जे बिनव्याजी हप्ते सांगतात त्यातले बरेच प्रत्यक्षात कुठल्या तरी फायनान्स कंपनीचं कर्जच असतात. सही करताना कर्ज देणाऱ्याचं नाव वाचा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आयकरात आठ वर्षांपर्यंत मिळते, पण जुन्या करपद्धतीतच.

नावाचा प्रश्न मात्र खरा आहे, आमच्याकडच्या किती तरी बायकांना त्यात थांबावं लागतं. २०२४ पासून ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या प्रवेशाला डीईबी आयडी लागतो. त्याच्या आधी एबीसी आयडी (शैक्षणिक क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक) काढावा लागतो, तो डिजिलॉकरमधून, आधारवरून. म्हणजे आयडी सासरच्या नावावर येणार आणि विद्यापीठाच्या छाननीत दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं असणार. नुसत्या विवाह नोंदणीच्या दाखल्यावर काही विद्यापीठं घेतात, काही घेत नाहीत. शंकेला जागा ठेवू नका. नाव बदलल्याची महाराष्ट्र शासन राजपत्रात नोंद करून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. राजपत्राच्या जाहिरातीत जुनं नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहा. तुमच्या वडिलांच्या नावात मध्ये "राव" असेल आणि अर्जात राहिलं तर परत सगळं करावं लागतं.

राजपत्राची प्रत आली की तीच कौन्सिलला द्या, नोंदणीही एका नावावर करून टाका. प्रवेशाची सत्रं जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्ट अशी दोन असतात. मुलाची दहावी आहे, तर जुलैचं धरा. तोवर डिस्चार्जची चिठ्ठी फायलींना लावायला सुरुवात करा. माझ्या चिठ्ठीचा नमुना हवा असेल तर इथंच टाकतो.