शब्दचर्चा : ‘शत्रूदेशीय’ की आणखी काही? पुरंदरावरच्या जर्मनांना मराठीत काय म्हणायचं

गडवाटा
पुरंदर किल्ल्याची छोटी माहितीपुस्तिका करतोय. मुरारबाजी, १६६५चा तह, संभाजीराजांचा जन्म, सगळं लिहून झालं. गाडी अडलीय शेवटच्या पानावर. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी गडावर जर्मन लोकांना आणून ठेवलं होतं. त्यात बायकामुलं होती आणि हिटलरच्या तावडीतून निसटून हिंदुस्थानात आलेले ज्यूही होते. इंग्रजी कागदांत या सगळ्यांना सरसकट एकच नाव : ‘एनिमी एलियन’. मी आधी ‘शत्रूदेशीय’ लिहिलं, मग खोडून ‘जर्मन कैदी’ केलं. दोन्ही खटकतंय. हिटलरमुळे जो देशोधडीला लागला, त्यालाच हिटलरच्या खात्यात कसं टाकायचं? शब्द सुचवा. पान लहान आहे, लांबलचक नको.

कोशिंबीर
‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’. षष्ठी घातली की वैर राष्ट्रापाशीच थांबतं, माणसाच्या अंगाला चिकटत नाही. ‘शत्रूदेशीय’मध्ये ते चिकटतं.

ह्रस्वदीर्घ
शब्द नंतर ठरवा, आधी लेखन. सुटा असताना ‘शत्रू’ दीर्घ, समासात पहिलं पद असेल तर ह्रस्व. म्हणजे शत्रुदेशीय, शत्रुराष्ट्र, शत्रुसंपत्ती. गुरू पण गुरुवार, तसंच.

दप्तरदार
कोशिंबीर, तुमची षष्ठी छान आहे, पण ‘नागरिक’ तिथे टिकत नाही. नोव्हेंबर १९४१मध्ये हिटलरच्या सरकारने देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचं जर्मन नागरिकत्व एका हुकुमाने काढून घेतलं. म्हणजे बर्लिनच्या लेखी हे लोक जर्मन उरले नव्हते आणि पुरंदरावर मात्र जर्मन म्हणूनच ठेवलेले. आता लिहा त्यांना नागरिक!

बाकी हा शब्द फक्त इंग्रजांच्या कागदांत राहिलेला नाही. आपल्या घटनेच्या २२व्या अनुच्छेदात तो आजही आहे. अटक झाली तर कारण सांगितलं पाहिजे, वकील मिळाला पाहिजे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं पाहिजे, ही जी हमी आहे, तिच्यातून ‘एनिमी एलियन’ वगळलाय. मात्र तिथे शब्द जपून वापरलेत : ‘त्या वेळेपुरता’ जो शत्रुदेशाचा असेल तो. लढाई संपली की बिरूद उतरतं, असा त्याचा अर्थ.

शत्रुसंपत्ती कायद्यात मात्र ते उतरत नाही. हा कायदा १९६८चा, ६५च्या युद्धानंतरचा. शत्रुदेशाच्या नागरिकांची इथली मालमत्ता त्याने सरकारी ताब्यात राहते. ती सांभाळणाऱ्या अभिरक्षकाचं मुख्य कार्यालय बरीच वर्षं आपल्या मुंबईतच होतं. उत्तर प्रदेशातल्या महमूदाबादच्या राजांनी १९५७मध्ये पाकिस्तानी नागरिकत्व घेतलं. बायको आणि मुलगा इथेच राहिले, भारतीय म्हणून. ताब्यात गेलेली मालमत्ता परत मिळवायला मुलाने कित्येक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. भारतीय नागरिक शत्रू कसा असेल, एवढाच साधा मुद्दा. मग २०१७ची दुरुस्ती आली आणि ‘शत्रू’च्या व्याख्येतच वारस घातले, ते भारतीय नागरिक असले तरी. बापाच्या देशबदलाने मुलगा शत्रू. वाड्याबरोबर वैरही वारसाहक्काने मिळतं, असं कायद्याने ठरवल्यावर मराठीतल्या षष्ठीने काय फरक पडणार?

माजघर
पडतो. कायद्यात नसेल पडत, बोलण्यात पडतो. अर्थात षष्ठीपेक्षा मला कर्ता महत्त्वाचा वाटतो. आपण वाक्यात कर्ता कोणाला करतो, ते बघा.

‘चिन्यांनी हल्ला केला.’ ‘पाकिस्तान्यांनी घुसखोर पाठवले.’ ‘इंग्रजांनी टिळकांना मंडालेला धाडलं.’ इथे कर्ता म्हणून अख्खा लोकसमूह उभा आहे. आता आपल्या बाजूची वाक्यं घ्या. ‘इंदिराबाईंनी आणीबाणी लादली.’ ‘मोदींनी नोटाबंदी केली.’ ‘सरकारने शब्द पाळला नाही.’ इथे कर्ता एकतर एक माणूस किंवा ‘सरकार’. ‘भारतीयांनी आणीबाणी लादली’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण कोणाच्या तोंडी येणार नाही. कारण आपल्याला आतून माहीत असतं की लादणारे वेगळे आणि सोसणारे वेगळे.

१९८७ ते ९० शांतिसेना श्रीलंकेत होती. मराठीत आपण म्हणतो, ‘राजीव गांधींनी शांतिसेना पाठवली.’ जाफन्यातल्या ज्या माणसाचं कोणी त्या काळात गेलं, त्याने ‘राजीव गांधी’ म्हणावं की ‘भारतीय’? त्याने ‘भारतीयांनी मारलं’ म्हटलं तर सासवडच्या शाळामास्तराला उगाच लागेल. ‘मी कुठे होतो तिथे?’ असं तो म्हणेल, आणि ते खरंच आहे. पण हीच सूट बीजिंगच्या शाळामास्तराला द्यायला आपली वाक्यरचना तयार नसते.

आणि श्रेयाच्या वेळी बघा हं. ‘आपण चंद्रावर पोचलो.’ ‘आपण वर्ल्ड कप जिंकलो.’ खड्डे मात्र सरकारने पाडले. आपल्या देशाच्या बाबतीत आपण ‘आपण’ आणि ‘सरकार’ हवे तसे आलटूनपालटून वापरतो. दुसऱ्याच्या देशातल्या माणसाला तेवढी मोकळीक देत नाही.

कोशिंबीर
+१. वर्ल्ड कप हरलो की मात्र ‘त्यांनी’ घाण केली.

गनिमीकावा
माजघर, उदाहरणं सोयीची निवडलीत. ‘चाऊ एन-लायने दगा दिला’ हे ६२च्या पिढीच्या तोंडी सर्रास होतं. ‘हिटलरने पोलंड घेतलं’ म्हणतो, ‘जर्मनांनी’ क्वचित. ‘पुतिनने युक्रेनवर हल्ला केला’ हे तर रोजचं. तेव्हा आपली भाषा परक्यांना एकाच पोत्यात भरते, हे अर्धं खरं. राज्यकर्त्याचं नाव ठाऊक असलं की नाव येतं, ठाऊक नसलं की जमात येते. १८५७ला लंडनमध्ये पंतप्रधान कोण, हे कोणाला सांगता येईल? म्हणून ‘इंग्रजांनी’.

दुसरं, माणसाकडे त्याच्या राज्याचा माणूस म्हणून बघणं दरवेळी मूर्खपणाचं नसतं. रामचंद्रपंत अमात्यांचं राज्यनीतीवरचं आज्ञापत्र काढा. १८व्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात सावकारांवर प्रकरण आहे. सावकार म्हणजे राज्याची शोभा, त्यांना जपावं, परमुलखातून बोलावून आणावं, असं सगळं गोड लिहिल्यावर पंत टोपीकरांपाशी थांबतात. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डेन). हेही व्यापारच करतात, पण इतर सावकारांसारखे ते नव्हेत, कारण प्रत्येकाच्या मागे त्याचा राजा आहे आणि त्याच्या हुकुमाने हे इथे येतात. म्हणून वखारीला जागा द्यायची तर समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी देऊ नका, आत द्या आणि पक्कं बांधकाम करू देऊ नका. एकदा हाती आलेली जागा हे मेले तरी सोडणार नाहीत.

पुढच्या शंभर वर्षांत काय झालं ते सांगायला नको. पंत चुकले का?

माजघर
पंत अजिबात चुकले नाहीत. पण त्यांनी तपासलं काय, ते पाहा. नाक, रंग, जात नाही तपासली. या माणसाच्या मागे कोण आहे, तो कोणाच्या हुकुमाने आलाय आणि त्याच्या हाती दिलेल्या जागेचं उद्या काय होईल, हे तपासलं. कंपनीचा माणूस राजाची सनद घेऊनच आला होता. पंतांचा मुद्दा त्या सनदेचा आहे, इंग्रज असण्याचा नाही.

याच्यासमोर १९६२ ठेवा. आसामातल्या माकूमला चिनी वस्ती होती. चहामळ्यांसाठी इंग्रजांनी १९व्या शतकात आणलेल्या मजुरांचे हे वंशज. आसामी बोलणारे, तिथल्याच बायकांशी लग्नं केलेले. कोणाचं दुकान, कोणी सुतार. युद्ध पेटलं आणि त्यांना घरातून उचलून रेल्वेने पार राजस्थानात देवलीच्या छावणीत नेलं. शिलाँग-दार्जिलिंगचेही होते. सगळे मिळून सुमारे ३०००. शेवटचे सुटले ते १९६७मध्ये. लढाई महिनाभराची! त्यांच्या मागे कोणता राजा होता? पेकिंगच्या सरकारला ते जन्मात भेटले नव्हते. तेव्हाच्या भारत संरक्षण कायद्यात त्यांच्यासाठी केलेली व्याख्याही बघण्यासारखी आहे. ‘वैरी मुळाचा’ असं तिचं भाषांतर होईल. कृत्य नाही, नागरिकत्वही नाही, नुसतं मूळ. आजोबा चिनी असले तरी पुरे.

दप्तरदार
पुस्ती जोडतो. देवलीच्या याच छावणीत १९४०-४१ साली इंग्रजांनी जयप्रकाश नारायण आणि इतर राजकीय स्थानबद्धांना ठेवलं होतं. त्यांनी तिथे उपोषण केलं होतं. वीस-एकवीस वर्षांनी तीच जागा आपल्या सरकारने वापरायला काढली.

श्प्रेकाठचा
बर्लिनमध्ये राहतो, म्हणून यात थोडं बोलतो. मराठीत आणखी एक खोडी आहे आणि ती मला इथे आल्यावर कळली. आपलं ‘तुम्ही’ आदराचंही आहे आणि अनेकवचनीही. ‘तुम्ही रशियाचं तेल का घेता?’ हे वाक्य कोणी मराठीत विचारलं, तर ते मला विचारलंय की १४० कोटींना, हे क्रियापदावरून कळत नाही.

२०२२च्या उन्हाळ्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये कीवहून आलेल्या सहकारीणबाईंनी मला हेच विचारलं. सूप घेता घेता, आवाज न चढवता. त्यांचा भाऊ तेव्हा आघाडीवर होता. ‘अहो, मी तर सायकलने येतो’ असं जिभेवर आलेलं गिळलं. शांतपणे म्हणालो की आमचं सरकार असं म्हणतं की स्वस्त मिळतं म्हणून घेतो. त्या म्हणाल्या, ‘तुमचं सरकार काय म्हणतं ते मी वाचलंय. तुम्हाला काय वाटतं?’ तेव्हा समजलं की पहिला प्रश्नही त्यांनी मलाच विचारला होता, देशाला नाही. मीच सरकारच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो होतो. म्हणजे समोरचा आपल्याला देशाच्या पोत्यात कोंबतो, ही तक्रार खरी आहेच. पण कधीकधी आपणही गैरसोय टाळायला आपणहून त्या पोत्यात शिरतो.

कोशिंबीर
काय उत्तर दिलंत मग?

श्प्रेकाठचा
ते इथे लिहीत नाही. धाग्याला वेगळंच वळण लागेल.

अडीचघरं
घोड्याच्या चालीने येतोय, विषय थोडा बाजूला. बुद्धिबळवाल्यांनी हा फरक २०२२मध्ये बराच नीट सांभाळला. ग्रँडमास्टर कार्याकिनने युद्धाची उघड तरफदारी केली, फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नीतिसमितीने त्याला सहा महिने बाहेर बसवलं. त्याच्याबरोबर शिपोववरही ठपका होता, पण तो निर्दोष ठरला. दोघेही रशियनच. प्रत्येकाने काय म्हटलं ते वेगळं तपासलं गेलं. नेपोम्नियाची आणि इतर रशियन खेळाडूंनी युद्धाच्या विरोधात पत्रावर सह्या केल्या होत्या. तो देशाच्या झेंड्याऐवजी फिडेच्या झेंड्याखाली माद्रिदला खेळला आणि कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, जिंकला.

विम्बल्डनने त्याच वर्षी रशियन आणि बेलारशियन म्हटलं की दार बंद केलं. दुबईत कॅमेऱ्याच्या काचेवर ‘युद्ध नको’ लिहिणारा रुब्लेव्हसुद्धा बाहेरच. आणि महिलांचं विजेतेपद कोणाला? रिबाकिनाला. जन्म मॉस्कोचा, २०१८पासून कझाकस्तानकडून खेळते! पासपोर्ट हेच माप धरलं की असं होतं. २०२३ला बंदी उठवली.

गनिमीकावा
खेळाडूंचं ठीक आहे, ते बोलू शकतात. ज्याचे आईबाप अजून मॉस्कोत आहेत, त्याने बोललंच पाहिजे अशी अट घालणं मला पटत नाही. ‘आधी आपल्या सरकारचा निषेध कर, मग मी तुला माणूस समजतो’ हाही एक प्रकारचा पासपोर्टच झाला. नेपोम्नियाचीने सही केली हे त्याचं धाडस. पण सही न करणारा आपोआप कार्याकिन होत नाही.

माजघर
हे मात्र शंभर टक्के मान्य. भारतातल्या मुसलमान कारागिराला पाकिस्तानच्या प्रत्येक कुरापतीनंतर जी साक्ष द्यावी लागते, तीही याच जातीची. तो तर परदेशीही नाही.

गडवाटा
एका शब्दासाठी धागा काढला होता, तुम्ही लोकांनी चंद्रापर्यंत नेलात. असो, मजा आली. आता मसुदा टाकतो :

‘दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात राहणाऱ्या जर्मन लोकांपैकी काहींना कुटुंबासह पुरंदरावर कैदेत ठेवले. त्यांत नाझी राजवटीपासून पळून आलेले ज्यूही होते. सरकारी भाषेत हे सगळे ‘शत्रुदेशीय’. त्यांच्यापैकी डॉ. हर्मान गोट्झ यांनी गडावरच्या वास्तूंचा अभ्यास केला आणि तो पुढे प्रसिद्ध केला.’

कर्ता ‘ब्रिटिश सरकार’ केलाय, माजघरताई. ‘इंग्रजांनी’ होतं, ते काढलं.

दप्तरदार
‘सरकारी भाषेत’ हे दोन शब्द फार कामाचे. ते छापताना गाळू देऊ नका, जागा कमी पडली तरी. ‘कैदेत’ मात्र बदला. कैदी म्हटलं की वाचणारा विचारणार, गुन्हा काय? यांच्यावर ना आरोप होता, ना खटला. ‘स्थानबद्ध’ लिहा.

गडवाटा
केलं. आणि ते आडनाव गोट्झ की आणखी काही? पुण्यातल्या एका जुन्या लेखात ‘गोएट्झ’ पाहिलंय.

श्प्रेकाठचा
जर्मन उच्चार ‘ग्योत्स’च्या जवळपास जातो. नेमका तो स्वर आपल्याकडे नाही. पुस्तिकेत ‘गोएट्झ’च ठेवा, कोणाला संदर्भ शोधायचा असेल तर त्याच नावाने सापडेल.