मुंबईला एकच पब्लिक लायब्ररी का नाही?

कुर्लेकर_वाचक: मंडळी, दिल्लीत १९५१ पासून दिल्ली पब्लिक लायब्ररी आहे, एक संस्था आणि शहरभर शाखा. आपल्याकडे प्रत्येक ठिकाणी वेगळं कार्ड, वेगळं डिपॉझिट. पालिका एवढी श्रीमंत, तिने कधी मनावरच घेतलं नाही का?

गिरगावकर: अहो, मुंबईत लायब्ररी म्हणजे कुणीतरी चारचौघांनी मिळून काढायची, ही सवयच जुनी. एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीचं मूळ १८०४ चं, ती साहेब लोकांची लिटररी सोसायटी, आपल्या माणसाला आत यायला कित्येक वर्षं गेली. डेव्हिड ससून लायब्ररीचं मूळ तर त्याहून भारी, १८४७ मध्ये टांकसाळ आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या तरुण मेकॅनिक लोकांनी सुरू केलेली संस्था ती, शेठजींचं नाव देणगीमुळे नंतर आलं आणि काळा घोड्याजवळची आत्ताची इमारत १८७० ची. १८९८ ला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, तेही लोकांनीच काढलं. सगळे आपापलं चालवत होते, मग पालिका कशाला हात घालेल.

ग्रंथपाल_ताई: खरी गोम पैशाची आहे. मद्रासने १९४८ च्या कायद्यातच घरपट्टीवर लायब्ररी सेस, म्हणजे लायब्ऱ्यांसाठीचा जादा कर, लावला. आपला महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, त्यात सेसच नाही! सरकार स्वतः लायब्ऱ्या काढण्यापेक्षा लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अनुदान देतं, अ ब क ड वर्ग पाडून. त्यामुळे प्रत्येक वाचनालयाची कमिटी वेगळी, वर्गणी वेगळी आणि अनुदानाच्या वेळी सगळ्यांची रजिस्टरं भरायची धांदल मात्र सेम. मी हेच करते रोज 😅

फोर्टचा_फिरस्ता: सरकारी एक आहे की! टाऊन हॉलची सेंट्रल लायब्ररी. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशातल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ज्या चार लायब्ऱ्यांना जायला हवी त्यातली ही एक, बाकीच्या कोलकाता, चेन्नई, दिल्ली. आधी ती एशियाटिककडेच होती, १९९४ ला वेगळी झाली. पण कुर्ल्याच्या माणसाला त्याचा काय उपयोग म्हणा, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर पुस्तक बदलायला कोण फोर्टला जाणार.

कुर्लेकर_वाचक: ओके, सेसचं माहीतच नव्हतं. ताई, मग सगळ्या अनुदानित वाचनालयांना निदान एक कॉमन कार्ड करता येईल का?

ग्रंथपाल_ताई: कायद्याची आडकाठी मला तरी दिसत नाही, पण पुस्तक हरवलं तर अनामत कोणाची कापायची यावर पहिल्याच मीटिंगमध्ये भांडण होईल.