मदत हवी आहे : जुन्या गाडीची पुढची स्प्रिंग तुटली, एकच बदलू की जोडी?

नमस्कार. गाडीतलं कळणाऱ्यांनी जरा वेळ काढून वाचावं ही विनंती. या दोन-तीन दिवसांत मला ठरवायचं आहे.

गाडी 2010 सालची डिझेल हॅचबॅक, केए 22 पासिंग, दीड लाखाच्या वर पळालेली. पुढच्या डाव्या चाकाची कॉइल स्प्रिंग तुटली आहे. आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. इकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कणकुंबीकडून जो पाऊस उतरतो तो चार महिने रस्त्याला सुकू देत नाही. डांबर निघतं, खड्ड्यात लाल पाणी साचतं आणि खड्डा किती खोल आहे ते चाक आत गेल्यावरच कळतं.

आधी उभ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की डावीकडून ताणलेली तार सुटल्यासारखा 'टण्ण' आवाज यायचा. मग गतिरोधकावरून उतरताना खालून ठोका बसायला लागला. मडगार्डची कड आणि टायर यांच्यामध्ये उजवीकडे चार बोटं सहज मावतात, डावीकडे तीन कशीबशी. दिरांनी चाक काढून टॉर्चने बघितलं तर स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं तुटलेलं, आणि तुटका तुकडा स्प्रिंग बसते त्या बशीतच गाळात रुतलेला. तुटलेल्या जागी अर्धा भाग जुना काळा-तांबडा गंज आणि अर्धा भाग ताजा चकचकीत आहे.

आता सल्ले तीन मिळाले आहेत आणि तिन्ही वेगळे.

गावाकडचे मेस्त्री म्हणतात, "जोड मारून देतो, वर वेटोळ्यांमध्ये रबराचं बफर टाकूया, काही होत नाही." बेळगावातल्या एका गॅरेजवाल्यांचं म्हणणं, दोन्ही पुढच्या स्प्रिंगा, दोन्ही माउंट (शॉकअप वरून गाडीला जिथे बसतं तो रबरी भाग) आणि बेअरिंग बदला, मजुरी धरून साडेसहा हजार, माल कोल्हापूरहून मागवावा लागेल. आणि नात्यातले एक जण सांगतात की भंगारात गेलेल्या तशाच गाडीची स्प्रिंग काढून आणतो, हजाराच्या आत काम होईल. गॅरेजमध्ये मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिरांकडे बघून दिली जातात, त्यामुळे 'का' हे मला नीट कळलेलंच नाही. गाडी मी चालवते, खर्चही मीच करणार आहे, म्हणून मला कारणासकट समजून घ्यायचं आहे.

नवीन गाडी घ्या असं कृपया सांगू नका. पंधरा वर्षं भरली तेव्हा फिटनेस करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आहे, इंजिन ठणठणीत आहे. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या आहेत. व्यायामाच्या उपचारांसाठी त्यांना बेळगावला न्यावं लागतं आणि बसची पायरी त्यांना चढवत नाही. या गाडीची सीट त्यांना बरोबर उंचीची आहे, हात धरला की बसतात.

तर प्रश्न असे. जोड मारलेली स्प्रिंग चालेल का? एकच बदलली तर काय बिघडतं? आणि काम होईपर्यंत सासूबाईंना घेऊन बेळगावला जाणं धोक्याचं आहे का? हा शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात मोठा आहे.

प्रतिसाद

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. गाडी सपाट जागी लावा, स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवा आणि स्प्रिंगचं तुटकं टोक टायरच्या आतल्या बाजूपासून किती लांब आहे ते बघा. टायरच्या आतल्या भिंतीवर हात फिरवा, कुठे चर किंवा घासल्याची खूण लागते का? बऱ्याच गाड्यांत पुढच्या स्प्रिंगची बशी टायरच्या अगदी जवळ असते. टोक बशीतून घसरलं तर ते टायर कापतं आणि चालत्या गाडीत पुढचा टायर बसतो. खूण असेल तर गाडी जागची हलवू नका, उचलून न्या. खूण नसेल तरी फक्त गॅरेजपर्यंत, एकटीने, हळू. आजींना या गाडीत तोवर बसवू नका. जांबोटी रस्त्यावर तर नकोच.

प्रतिसाद

मी बेळगावच्या उद्यमबागेत हीट ट्रीटमेंटच्या (धातू तापवून-गार करून घडवण्याच्या) कामात आहे, म्हणून जोड मारण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

स्प्रिंगचं पोलाद साधं लोखंड नाही. त्यात कार्बन जास्त असतो, शिवाय सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोम असतं. ते साधारण 850 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवतात, मग पुन्हा 400 ते 500 अंशांच्या दरम्यान तापवून त्याला चिवटपणा देतात. दाबून परत मूळ उंचीला येण्याची जी ताकद आहे ती या दोन्ही टप्प्यांतून येते. वेल्डिंगमध्ये धातू वितळतो, म्हणजे तिथे सुमारे दीड हजार अंश झाले. जोडाच्या लगतचा भाग आधी लाल होतो आणि मग चटकन गार पडून काचेसारखा ठिसूळ होतो. त्याच्या पलीकडचा भाग उलट मऊ पडतो. म्हणजे एका जोडाने दोन नव्या कमकुवत जागा तयार झाल्या. अशी स्प्रिंग पुन्हा तुटते, आणि या वेळी कुठे तुटेल ते आपल्या हातात नसतं. मेस्त्रींची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही. ट्रॉलीचा साटा, शेतातलं अवजार जोडून देणारी माणसं आहेत ती, त्यांच्या हातात कसब आहे. पण स्प्रिंग जोडायची वस्तूच नाही.

तुम्ही तुटलेल्या जागेचं जे वर्णन केलंय त्यावरून कारण सरळ दिसतं. खालच्या बशीत चिखल-पाणी साचतं, खडी उडून स्प्रिंगवरचा रंग टवकतो, तिथे गंजाचा बारीक खड्डा पडतो. स्प्रिंग दर खड्ड्याला दाबली जाते, सुटते, आणि गंजाच्या त्या खड्ड्यातून चीर सुरू होते. जुना काळा-तांबडा भाग म्हणजे कित्येक महिने हळूहळू वाढलेली चीर, चकचकीत भाग म्हणजे उरलेला धातू एकदम तुटला तो. यावरून हेही लक्षात घ्या की उजवी स्प्रिंग त्याच चिखलातून, तितकेच किलोमीटर गेली आहे. तिच्या खालच्या वेटोळ्यावर गाळ खरवडून बघा, रंग फुगलेला किंवा पापुद्रे सुटलेले दिसले तर तिचीही तीच गत.

भंगारातल्या स्प्रिंगबद्दल माझं हेच मत. वरून रंग मारला की आतली चीर दिसत नाही.

आणखी एक, कोणी 'दुसऱ्या बाजूचंही एक वेटोळं कापून उंची सारखी करू' म्हटलं तर नको म्हणा. काम करणारी सहा वेटोळी असतील आणि एक कापलं तर स्प्रिंग पाचव्या हिश्शाने कडक होते. गाडी खाली बसते आणि प्रत्येक हादरा आजींच्या गुडघ्यापर्यंत जातो.

प्रतिसाद

मी एकच बदलली होती ओ, वर्ष झालं, गाडी छान चालते. एवढा खर्च कशाला?

प्रतिसाद

वरच्या भावांना : तुमची गाडी किती जुनी होती ते लिहिलं नाहीत. गाडी दोन-तीन वर्षांची असेल तर एक बदलून भागतं. दीड लाख पळालेल्या गाडीत जुनी स्प्रिंग दबलेली असते. नवी उंच, जुनी बुटकी. गाडी एका बाजूला कलते, ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते, टायर तिरका झिजतो. टायरचा खर्च धरला तर वाचलेले पैसे परत जातात.

ताई, मी निपाणीत गॅरेज चालवतो. काम कुणाकडूनही करून घ्या, पण सांगून करून घ्या, आणि समोर उभ्या राहून. गाडी तुमची आहे, तुम्हालाच उत्तर द्यायला पाहिजे.

माल मागवताना चासी नंबर द्या. डिझेल इंजिन जड असतं म्हणून त्याच मॉडेलच्या पेट्रोलची स्प्रिंग वेगळी येते. दिसायला सारखी, बसतेही, पण गाडी नाक खाली घालते. काही गाड्यांत डावी-उजवी सुद्धा वेगळी असते. वेटोळ्यावर रंगाचे ठिपके असतात, दोन्हीकडचे ठिपके जुळवून बघा.

स्प्रिंग काढताना शॉकअपचा वरचा मधला नट हा सगळ्यात धोक्याचा. स्प्रिंग कॉम्प्रेसरने समोरासमोरच्या दोन बाजूंनी दाबून ती बशीवरून मोकळी झाल्याशिवाय तो नट सोडायचा नाही. दोरी बांधून किंवा वर माणूस उभा करून हे काम करणारे मी बघितलेत. स्प्रिंग सुटली तर जबडा फुटतो, माणूस जातो. ज्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर नाही तिथे हे काम देऊ नका. गाडी जॅकवर न ठेवता घोडीवर (पक्क्या लोखंडी स्टँडवर) ठेवायला सांगा.

शॉकअप एकदा बाहेर आलं की माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबलं की टेकतो तो ठोकळा) आणि धुळीचं रबर त्याच मजुरीत बदलतं, म्हणून बेळगावच्या गॅरेजचा सल्ला बरोबर आहे, रक्कमही मला अवास्तव वाटत नाही. शॉकअपमधून तेल गळतंय का तेवढं बघून घ्या, ओलं असेल तर तेही जोडीनेच. नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक बशीतल्या खाचेला टेकलं पाहिजे. फिरून बसली तर तोच 'टण्ण' आवाज परत. शेवटी व्हील अलाइनमेंट करायचंच.

रबराचं बफर तुटलेल्या स्प्रिंगवर उपाय नाही. त्याने फक्त वेटोळी अडकून पडतात.

प्रतिसाद (धागा काढणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नीट मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

टायर बघितला. आतल्या भिंतीवर बोटभर लांबीची घासल्याची खूण आहे, कापलेलं नाही. तरी गाडी आता हलवणार नाही. विम्याच्या कागदात गाडी उचलून नेण्याची सोय आहे असं दिसलं, फोन केला, उद्या येतो म्हणालेत. स्प्रिंगचा खर्च विम्यात बसत नाही, झीज आणि यांत्रिक बिघाड त्यात धरत नाहीत असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. उजव्या स्प्रिंगचा गाळ खरवडला तर खालच्या वेटोळ्यावर रंगाचे पापुद्रे हातात आले. त्यामुळे जोडीच बदलणार. गॅरेजला कॉम्प्रेसर आहे का ते मीच फोन करून विचारलं, आहे म्हणाले, आणि काम चालू असताना समोर थांबायला हरकत नाही असंही म्हणाले.

सासूबाईंसाठी या आठवड्यापुरती शेजारच्या दादांनी त्यांची गाडी देऊ केली आहे.

आता दोनच शंका राहिल्यात. माल कोल्हापूरहून बसच्या पार्सलने यायचा आहे, त्याला किती दिवस धरू? आणि मागच्या स्प्रिंगाही आताच बदलाव्यात का?

प्रतिसाद

निपाणीवाला परत. मागच्या आत्ता नकोत. गाळ धुऊन टॉर्चने बघा, मागची उंची दोन्हीकडे चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. सारखी असेल आणि गंजाचे पापुद्रे नसतील तर राहू द्या, पुढच्या पावसाळ्याआधी परत बघा.

पार्सल सकाळी टाकलं तर संध्याकाळपर्यंत बेळगावला येतं. सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बस थांबतात, तेव्हा मात्र धरून चालू नका. तसं काही झालं तर मला इथे कळवा. माझा माल दर गुरुवारी कोल्हापूरहून टेम्पोने निपाणीला येतो, त्यात तुमच्या स्प्रिंगा मागवून ठेवतो, दिरांना पाठवून घेऊन जा. आणि पेटी उघडल्यावर पैसे देण्याआधी चासी नंबरवरून आलेला पार्ट नंबर ताडून बघा.