गाडीतला रस्त्याचा आवाज : शीट चिकटवण्याआधी टायर आणि फटी का बघत नाही आपण?

शांतचाक :
मंडळी, माझी गाडी छोटी हॅचबॅक आहे, त्यातही सगळ्यात खालचं मॉडेल. इंजिनाबद्दल तक्रार नाही. पण ताशी ६० च्या पुढे गेलं की खालून अशी घरघर सुरू होते, की मागे बसलेल्या आईशी बोलायचं तर ओरडावं लागतं. थोड्या वेळाने ती बोलणंच सोडते आणि खिडकीबाहेर बघत बसते. मला ते फार लागतं.

म्हणून गेल्या वर्षी तीन शनिवार-रविवार घालवून गाडी आतून मोकळी केली. सीट काढल्या, कार्पेट उचललं, चारही दारांची पॅडं उतरवली आणि दिसेल त्या पत्र्यावर ब्यूटाइलची (चिकट रबराची, थरथर कमी करणारी) शीट रोलरने दाबून बसवली. बोटभर पत्रा उघडा ठेवला नाही. कार्पेटखाली जाड फोमही चिकटवला. दार लावल्यावर 'ठप्प' असा जड आवाज येऊ लागला, खूप बरं वाटलं. मग मोठ्या रस्त्याला लागलो. घरघर जिथल्या तिथे.

सहा महिन्यांनी टायर बदलायची वेळ आली. जुने टायर आतल्या कडेला दातेरी झिजले होते. हात फिरवला की करवतीसारखे लागायचे. चाकांचं अलाइनमेंट करून साध्या, बारीक नक्षीचे नवे टायर घातले आणि त्याच रस्त्याने परत आलो. तीन शनिवार-रविवारांच्या कामाने झालं नव्हतं, ते त्या एका दुपारी झालं.

त्यामुळे माझं मत असं झालंय की घरी साउंडप्रूफिंग करणारे आपण सगळे काम उलट्या बाजूने सुरू करतो. शीटचं काम मर्यादित आहे. पत्रा थरथरतो, त्याबरोबर ब्यूटाइल ताणलं-पिळलं जातं, वरचा ॲल्युमिनियमचा पापुद्रा त्याला मोकळं हलू देत नाही आणि थरथरीची थोडीशी उष्णता होऊन जाते. पत्रा सगळ्यात जास्त हलतो तो मध्यभागी. तिथे पाव भाग झाकला तरी बराचसा फायदा मिळतो. बाकीची शीट म्हणजे नुसतं वजन. हवेतून, फटीतून, काचेतून येणारा आवाज तिला फारसा अडवता येत नाही. आधी टायर, मग दारांची रबरं, मग मोकळी भोकं आणि सगळ्यात शेवटी पत्रा, हा क्रम मला बरोबर वाटतो. तुमचं काय म्हणणं?

पानापक्कड :
असहमत. तुम्ही चुकीच्या जागी शीट लावलीत आणि दोष शीटला देताय.

बहुतेक गाड्यांच्या फ्लोअरवर कंपनीच डांबरी पॅडं बसवून देते, अगदी स्वस्त गाडीतसुद्धा. तिथे आणखी एक थर दिल्याने काय फरक पडणार? हॅचबॅकमध्ये खरी बोंब मागे असते. सेदानला निदान मागची सीट आणि तिच्या पाठीमागचं पार्सल ट्रे असलेलं पार्टिशन असतं. हॅचबॅकची डिकी आणि केबिन ही एकच खोली. मागच्या चाकांवरच्या कमानी आतून पातळ प्लास्टिकने झाकलेल्या असतात आणि स्टेपनीचा खड्डा ढोलासारखा वाजतो. बोटाच्या पेराने वाजवून बघा. 'टण्ण' आवाज आला तर तिथे शीट हवी, 'ठक' आला तर सोडून द्या. मी माझ्या गाडीत फक्त मागच्या दोन कमानी, स्टेपनीचा खड्डा आणि डिकीच्या दाराचा पत्रा एवढंच केलं. त्यावर फोम आणि फोमवर जड व्हायनिल, म्हणजे आवाज अडवणारी वजनदार लवचीक चादर. एका दिवसात काम झालं आणि फरक पहिल्याच फेरीत कळला.

आणि टायरचं म्हणाल तर चांगले टायर कोण काढून टाकतं? झिजेपर्यंत चार-पाच वर्षं तोच आवाज ऐकत बसायचं का?

अर्धासेकंद :
+१ पानापक्कड. माझ्याही गाडीत डिकीनेच काम केलं.

वजनकाटा :
दोघांच्याही मुद्द्यात तथ्य आहे, पण जड व्हायनिलबद्दल थोडं थांबू या.

टायरचा आवाज दोन वाटांनी आत येतो. खालच्या पट्टीतला, साधारण ३००-४०० हर्ट्झच्या आतला, बराचसा सस्पेन्शन आणि बॉडीतून चढतो. टायरच्या पोकळीतली हवा स्वतःच २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास घुमते. खड्ड्यावर किंवा जोडावर जी 'टुंग' ऐकू येते ती हीच, आणि काही टायरांमध्ये आतून स्पंज चिकटवलेला असतो तो तिच्यासाठीच. वरच्या पट्टीतला 'सर्र' मात्र मुख्यतः हवेतून येतो. जड व्हायनिल ही भिंत आहे. वजन दुप्पट केलं की कागदोपत्री ६ डेसिबल मिळतात. पण ती भिंत अखंड हवी. एकूण क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का भाग उघडा राहिला, तरी भिंत कितीही जाड असो, २० डेसिबलच्या पुढे जाता येत नाही. आणि मोटारीत सीटचे बोल्ट, सीटबेल्ट बॉडीला जोडायच्या जागा, वायरिंगची भोकं, हॅन्डब्रेकची केबल... घरी बसून हे सगळं कोण बंद करणार?

वजनही बघा. नेहमीचं व्हायनिल चौरस मीटरला साधारण ५ किलो. फ्लोअर, कमानी, डिकी मिळून चार चौरस मीटर धरले तर २० किलो. वर ब्यूटाइल, २ मिलिमीटर जाडीचं म्हटलं तरी चौरस मीटरला तीन-साडेतीन किलो. छोट्या इंजिनाच्या गाडीला हे ओझं कायमचं वाहायचंय.

पानापक्कड :
२० किलो म्हणजे डिकीत ठेवलेली एक बॅग. तिचा विचार प्रवासाला निघताना कुणी करत नाही.

१ टक्क्याचा हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मला ४० डेसिबल नकोच आहेत. चार-पाच मिळाले तरी गाडी बदलल्यासारखी वाटते. १० कमी झाले तर कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा लागतो. व्हायनिलच्या कडा एकमेकांवर चढवल्या आणि टेपने जोडल्या की कमानींवर अखंड थर घरीही जमतो. फक्त एक पथ्य आहे. व्हायनिल थेट पत्र्यावर चिकटवायचं नाही, मध्ये फोम हवाच. नाहीतर ते पत्र्याबरोबरच हलतं आणि भिंत म्हणून त्याचा उपयोग फारसा राहत नाही.

जुनागडी :
मी गॅरेजमध्ये काम करतो. इथे जे कुणीच बोललं नाही ते सांगतो, थोडं कडक वाटेल.

दाराच्या तळाशी बारीक छिद्रं असतात. काचेच्या पट्टीतून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथून खाली पडतं. साउंडप्रूफिंग केलेल्या कितीतरी गाड्यांची ही छिद्रं मी शीटने बुजलेली बघितली आहेत. दार हलवलं की आत पाणी डुचमळतं आणि खालची शिवण आतून गंजत जाते. बाहेर फोड दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. दुसरं, काही गाड्यांमध्ये बाजूच्या एअरबॅगसाठी दारात हवेच्या दाबाचा सेन्सर असतो. धडक बसली की दारातला दाब एकदम वाढतो, त्यावरून तो ठरवतो. अशा दाराची सगळी भोकं शीटने बंद केलीत किंवा आत भरपूर फोम कोंबलात, तर सेन्सरला काय कळेल ते तुम्हाला सांगता येणार नाही. आपल्या गाडीत तो आहे का, हे पॅड काढण्याआधी शोधा. तिसरं, सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नका. छताच्या कडेने पडदा-एअरबॅग असेल तर तिच्या वाटेत एक तुकडाही यायला नको.

आणि कार्पेटखाली फोम चिकटवलाय म्हणणाऱ्यांनी वर्षातून एकदा कार्पेट उचलून बघा. पाणी फोमखाली गेलं की वाळत नाही.

आवाजाचंच म्हणाल तर एक चाचणी करा. मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने जाताना हलकेच डावीकडे, मग उजवीकडे वळण घ्या. वळणाबरोबर घरघर वाढली-कमी झाली तर बहुतेक वेळा व्हील बेअरिंग गेलेलं असतं. त्यावर शीट लावून आवाज दाबणं म्हणजे सरळसरळ धोका आहे. अशी गाडी माझ्याकडे आली तर मी मालकाला आधी जॅक लावून चाक हलवून दाखवतो.

दूरप्रवासी :
मी रोज दोन तास गाडी चालवते. तुम्ही सगळे किती डेसिबल कमी झाले यावर बोलताय. मला वेगळाच प्रश्न पडतो : त्रास कोणत्या आवाजाचा होतोय?

माझे वडील कानाला मशीन लावतात. त्यांना ती खालची घरघर फारशी त्रास देत नाही. त्यांना त्रास होतो तो 'सर्र' आवाजाचा, कारण बोलण्यातले शब्द ओळखायला ज्या पट्टीची गरज असते, साधारण ५०० ते ४००० हर्ट्झ, तीच पट्टी तो झाकून टाकतो. मशीन बोलणं मोठं करतं तसा तोही मोठा होतो. माझं उलट आहे. मला त्या खालच्या घुमण्याने थकायला होतं, घरी पोहोचले की डोकं जड असतं.

मोबाइलच्या ॲपवर या दोन आवाजांतला फरक कळत नाही. ॲप बहुधा 'ए' मोजपट्टी वापरतं आणि त्या मोजपट्टीत १०० हर्ट्झचा आवाज जवळजवळ १९ डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे मला छळणारा आवाज आकड्यात उमटतच नाही. शांतचाक, तुमची घरघर तिथेच राहिली असं तुम्ही म्हणता, पण आईंना तुमचं बोलणं आधीपेक्षा स्पष्ट ऐकू यायला लागलं का? तेवढं एकदा त्यांना विचारा.

आमच्याकडे वडिलांसाठी सगळ्यात उपयोगी ठरलं ते दाराच्या पॅडच्या आतल्या बाजूला पाणी न धरणारा मऊ लोकरीसारखा थर, आणि झिजलेली बीडिंग रबरं बदलणं. दोन्हीत वजन नावालाच. दारात कागद धरून दार लावायचं आणि ओढायचा. सहज निसटला तिथे रबर दबलंय. आमच्या मागच्या दारात तो चार ठिकाणी निसटला.

वजनकाटा :
दूरप्रवासी, हा मुद्दा मी धरायला हवा होता. पटला.

काच मात्र राहिलीच. दार कितीही भारी केलं तरी वरची काच तेवढीच पातळ आहे, आणि ताशी १०० च्या वर वाऱ्याचा आवाज टायरला मागे टाकू लागतो. तो वेगाबरोबर फार झपाट्याने चढतो. मधे प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच त्यावर उपाय आहे, पण तो घरी करायचा नाही.

शांतचाक :
सगळ्यांचं नीट वाचलं. काही गोष्टी करून बघून मग लिहितोय.

आईला विचारलं. ती म्हणाली, "तू शीट लावलीस तेव्हापासून मला तुझं जरा कळतं, पण तू स्वतःच आवाज गेला नाही म्हणत होतास, म्हणून मी काही बोलले नाही." म्हणजे दारांच्या शीटने काहीतरी केलं होतं आणि मी फक्त स्वतःच्या कानाने निकाल देऊन मोकळा झालो होतो. एवढा भाग मी मागे घेतो.

आवाज कुठला हे शोधायला दोन गोष्टी केल्या. एकाच वेगाला गिअर बदलून पाहिला. घुमणं तसंच राहिलं, म्हणजे इंजिनाचं नाही. मग दारांच्या आणि आरशांच्या फटींवर बाहेरून मास्किंग टेप लावून फेरी मारली. ताशी ८० ला उजव्या पुढच्या खिडकीजवळची शिट्टी गेली. त्या दाराच्या रबराची वरच्या कोपऱ्यातली क्लिप निघालेली होती. वर्षभर मी त्या शिट्टीला टायरचा आवाज समजत होतो.

क्रमाबद्दल माझं मत अजून तेच आहे. पानापक्कड, चांगले टायर काढून टाका असं मी म्हणत नाही. झीज आणि हवा तपासायला काही काढावं लागत नाही, आणि माझी हवा ठरलेल्या दाबापेक्षा जास्तच होती. मात्र मागच्या कमानी मी वाजवून बघितल्या. दोन्ही 'टण्ण'. फ्लोअर 'ठक'. तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर.

जुनागडी, तुमच्यामुळे कार्पेट उचललं. ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी फोम ओला होता. एसीच्या पाण्याची नळी तुंबून पाणी आत उतरत होतं, आणि फोम सगळीकडून चिकटवलेला असल्याने ते तिथेच बसलं होतं. ब्यूटाइलच्या कडेला नखाएवढा गंज धरलाय.

जुनागडी :
नखाएवढाच आहे तर वाचलात. त्या भागातली शीट काढा, पॉलिश पेपरने चकाकी येईपर्यंत घासा, प्रायमर मारा, पूर्ण वाळू द्या. नळी आधी मोकळी करा, नाहीतर सगळं पुन्हा करावं लागेल. परत फोम घालायचाच असेल तर बंद पेशींचा, पाणी न शोषणारा घ्या आणि चिकटवू नका, नुसता अंथरा. म्हणजे पुढच्या वेळी बघायचं झालं तर दोन मिनिटांत उचलता येईल. दाराची छिद्रंही आजच बघा.

शांतचाक :
नळी मोकळी केली. छिद्रं बघितली, डाव्या मागच्या दाराची दोन बुजलेली होती, उघडली. वाटीभर पाणी निघालं. फ्लोअरवरची शीट गंजाच्या जागी काढून टाकली, परत लावणार नाही. तिथे प्रायमर वाळतोय. उरलेल्या शीटचे तुकडे येत्या रविवारी मागच्या कमानींवर जातील, आणि त्यानंतर निकाल मी देणार नाही, आई मागच्या सीटवर बसेल आणि तीच सांगेल.