मीमांसा, समीक्षा की चिकित्सा?

नौपाडेकर:
भाचीच्या पीएचडीच्या शीर्षकावरून घरात वाद पेटलाय. विषय मराठी कादंबरीतला मृत्युविचार. मराठीचे सर म्हणतात 'समीक्षा' लिही. तत्त्वज्ञानाच्या बाईंना 'चिकित्सा' हवंय. भाचीचं मत 'मीमांसा', कारण ते भारदस्त वाटतं म्हणे. खरोखर फरक आहे, की नुसती झूल बदलते?

सानपाडा लोकल:
तिन्ही एकच हो. व्हायवाला कोण विचारतंय!

तळ्याकाठची:
विचारतात, आणि बरेचदा सुरुवातच तिथून होते.

'चिकित्सा' म्हटलं की साहित्यवाल्यांना आधी पाठचिकित्सा आठवते. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती म्हणजे हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता. तत्त्वज्ञानात मात्र एखाद्या कल्पनेचा पाया तपासणं म्हणजे चिकित्सा, त्यामुळे बाईंचंही बरोबर. 'समीक्षा' सरळ आहे: नीट पाहणं. कृतीचं आकलन, मूल्यमापन.

'मीमांसा'चं गोत्र मजेशीर आहे. पाणिनीच्या लागोपाठच्या दोन सूत्रांत (३.१.५ आणि ३.१.६) हे शब्द सिद्ध होतात. पहिल्यातून जुगुप्सा, तितिक्षा, चिकित्सा; दुसऱ्यातून मीमांसा आणि बीभत्स. बीभत्स रस आणि त्याचा स्थायीभाव (म्हणजे मुळातली भावना) जुगुप्सा, दोघेही याच आळीतले!

पण कामाची गोष्ट पुढे आहे. मीमांसा हे दर्शन मुळात वाक्याचा अर्थ कसा ठरवायचा यासाठी झगडणारं. तात्पर्य ठरवायच्या त्यांच्या खुणा ठरलेल्या: उपक्रम-उपसंहार (सुरुवात आणि शेवट), अभ्यास (म्हणजे पुनरुक्ती), अपूर्वता (नवेपणा), फल (परिणाम), अर्थवाद (स्तुती-निंदेचा मजकूर), उपपत्ती (युक्तिवाद). टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) गीतेला याच कसोट्या लावल्या. कादंबरीलाही लावून बघा. सुरुवात मरणाने झाली तर शेवट कशावर होतो? कोणतं वाक्य पुन्हा पुन्हा येतं? नायकाचं लांबलचक चिंतन हे कादंबरीचं म्हणणं, की नुसता अर्थवाद, वजन वाढवायला घातलेला? इथे साहित्य आणि तत्त्वज्ञान खरोखर एकमेकांना भिडतात. फ्रेंच कादंबरीकार कामूचा एक उतारा घ्यायचा, शेजारी आपल्या कादंबरीतला ठेवायचा आणि 'प्रभाव' लिहून मोकळं व्हायचं, ही मीमांसा नव्हे. असले प्रबंध ढिगाने आहेत.

रा. भा. पाटणकर इंग्रजीचे प्राध्यापक, पण ग्रंथाचं नाव 'सौंदर्यमीमांसा' (१९७४). एकेका कवितेचं रसग्रहण करणं हा त्याचा हेतू नाही. 'सुंदर' म्हणतो तेव्हा आपण नेमकं काय म्हणतो, याची तो छाननी करतो. भाचीला म्हणावं, ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन निदान अनुक्रमणिका तरी चाळ.

सानपाडा लोकल:
मग 'टीका' का नको? ज्ञानेश्वरी गीतेवरची टीकाच की.

तळ्याकाठची:
हो, पण आज टीका म्हणजे झोडपणं. शीर्षकात घातलीत तर हयात कादंबरीकार फोन करतील.

नौपाडेकर:
आराखडा पाहिला. चार प्रकरणांत कादंबऱ्यांची कथानकं आणि पात्रं, पाचव्यात निष्कर्ष.

तळ्याकाठची:
मग सरांचं ऐका, 'समीक्षा'च ठेवा. 'मीमांसा' हवीच असेल तर मधे एक प्रकरण घाला आणि त्यात पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी बाजूचं म्हणणं, मांडा: कादंबरीतून तत्त्वज्ञान निघतच नाही, फक्त पात्रांची मतं निघतात. त्याला उत्तर देता आलं तर शीर्षक बदला.